सभा कागदावर नको, सतरंजीवर हवी

मागच्या अंकात आपण आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अभ्यास करणाऱ्या संस्थांबद्दल थोडं लिहिलं होतं, म्हणजे लंडनचं चॅटम हाऊस, दिल्लीचं सप्रू हाऊस वगैरे. मला वाटलं होतं की त्यावर परदेश धोरणाचे प्रश्न येतील, पण मराठवाड्यातून आलेली जवळजवळ सगळी पत्रं कारभाराची निघाली, अध्यक्ष कसा निवडायचा, वार्षिक सभा कशी घ्यायची, पैसे कुणाचे घ्यायचे. वाचून फार बरं वाटलं. म्हणून या वेळी नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि सगळी जागा याच विषयाला दिलीय.

प्रश्न : ताई, आम्ही अंबाजोगाईत चौदा जण दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. मी निवृत्त प्राध्यापक, दोन वकील, एक मेडिकलवाले, बाकी स्पर्धा परीक्षेची पोरं. युक्रेन, गाझा, तुरीची आयात, सगळ्यावर बोलणं होतं. आता मंडळ रजिस्टर करावं म्हणायलेत सगळे, पण अध्यक्ष कोण यावरच दोन शनिवार गेले. या मोठ्या संस्था हे कसं जमवतात?

उत्तर : सर, ते दोन शनिवार वाया गेले असं अजिबात समजू नका. अध्यक्षपदाचं आधी बोलून घेतलेलं फार चांगलं, नंतर बोलायची वेळ येते तेव्हा माणसं एकमेकांच्या घरी जायची बंद झालेली असतात.

चॅटम हाऊसचंच बघा. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली पॅरिसला शांतता परिषद चालू होती, तिथं आलेल्या ब्रिटिश आणि अमेरिकन मंडळींना वाटलं की युद्ध आणि तह हे विषय फक्त सरकारी लोकांवर सोडून भागायचं नाही, शिकल्यासवरल्या माणसांनी एकत्र बसून यांचा कायम अभ्यास करायला पाहिजे. त्यातून १९२० साली लंडनला ही संस्था उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला तिची अमेरिकन बहीण, कौन्सिल ऑन फॉरेन रिलेशन्स. लंडनच्या संस्थेला १९२६ साली राजाची सनद मिळाली. तिचा एक मूळ नियम मला फार आवडतो, तो म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रश्नावर संस्था म्हणून स्वतःचं मत द्यायचं नाही. अभ्यासक आपापल्या नावावर लिहितात, बोलतात, एकमेकांच्या विरुद्धही लिहितात, पण संस्था अमुक बाजूची आहे असं कुणाला म्हणता येऊ नये. आणि हे नुसतं लिहून ठेवलं नाही, कारभाराची रचनाच तशी केली. मानाचे अध्यक्ष एक नाही तर तीन, तेही वेगवेगळ्या राजकीय विचारांचे, अशी तिथली रीत. रोजचं काम पगारी संचालक बघतो. आणि या दोघांच्या मधे असते कौन्सिल, म्हणजे आपल्याकडची कार्यकारिणी, ती सभासद निवडून देतात. कौन्सिलवर एकदा तीन वर्षं, फार तर आणखी एकदा तीन वर्षं, मग उतरायचं.

तुमच्यासाठी यातलं घेण्यासारखं हे की मानाचं पद, निर्णयाचं पद आणि कामाचं पद या तीन जागी तीन वेगळी माणसं बसवा. आपल्याकडं होतं काय, की एकच माणूस अध्यक्ष, तोच चेकवर सही करणार, तोच वक्ता ठरवणार आणि तोच प्रास्ताविक करणार. माणूस कितीही सोन्यासारखा असो, तो आजारी पडला की मंडळ आजारी पडतं. मी अशी तीन तरी मंडळं बघितलीत, खोलीला कुलूप लागलं ते कायमचंच.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर दिल्लीची संरक्षण अभ्यासाची संस्था घ्या, जिला २०२० पासून मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. ती १९६५ च्या नोव्हेंबरात स्थापन झाली तेव्हा संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते, हे आपल्याकडच्या पोरांना कुणी सांगतच नाही. त्या संस्थेचा अध्यक्ष सभासद निवडतात, पण रिवाजानं बहुतेक वेळा संरक्षणमंत्रीच अध्यक्ष असतात. खालची कार्यकारिणी वार्षिक सभेत निवडली जाते आणि काम महासंचालक चालवतात. म्हणजे मोठं नाव वर, सभासदांची माणसं मधे, अभ्यासाचा माणूस खाली. सप्रू हाऊसची गोष्ट वेगळी आहे, ती खाली नांदेडच्या पत्रात सांगते.

रजिस्ट्रेशनचं म्हणाल तर १८६० च्या कायद्याखाली सोसायटीला किमान सात माणसं लागतात, तुम्ही चौदा आहात. काम सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं, सोसायटीचा नंबर आणि ट्रस्टचा एफ नंबर, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीचा नंबर, दोन्ही तिथंच. फक्त एक हात जोडून सांगणं आहे, घटना तयार करताना कुणाच्या तरी भजनी मंडळाची नाहीतर शिक्षण संस्थेची छापील नियमावली आणून नावं बदलू नका. बाँड रायटरकडं तयार मसुदा असतो, त्यात अध्यक्षाची मुदत पाच वर्षं आणि पुढं "फेरनिवडीस पात्र" एवढंच असतं, किती वेळा पात्र ते नसतं, सगळं दुखणं तिथून सुरू होतं. मुदत तीन वर्षं लिहा, सलग दोनदाच लिहा, आणि पहिल्या कार्यकारिणीत चिठ्ठ्या टाकून एक तृतीयांश माणसं एका वर्षात, एक तृतीयांश दोन वर्षांत उतरतील असं करा, म्हणजे दर वर्षी दोन-तीन नवी माणसं येत राहतात आणि जुनी सगळी एकदम जात नाहीत.

प्रश्न : परभणीहून विचारतो. टीव्हीवर चॅटम हाऊसचे नियम लागू आहेत असं म्हणतात, ते किती नियम आहेत?

उत्तर : एकच नियम आहे दादा, १९२७ चा, पुढं १९९२ आणि २००२ साली त्याची भाषा जरा नीट केली. बैठकीत जे ऐकलं ते बाहेर वापरायला मोकळीक, पण ते कोण बोललं आणि तिथं कोण कोण होतं हे सांगायचं नाही. एवढंच. म्हणजे "गुप्त बैठक" नव्हे, माहिती बाहेर जावी म्हणूनच नियम केलाय, फक्त माणसाला मोकळं बोलता यावं, नोकरीवर असलेल्यालाही. परभणीत एखाद्या चर्चेला हा नियम लावून बघा. पण वार्षिक सभेला मात्र लावू नका, तिथं कोण काय बोललं, सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं नावानिशी लिहायचं असतं.

प्रश्न : ताई मी नांदेडची आहे, नाव छापू नका. आमच्या अभ्यास मंडळात मी चार वर्षांपासून सभासद आहे, रीतसर पावती आहे. अध्यक्ष अकरा वर्षांपासून तेच. वार्षिक सभा होतच नाही, शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो आणि "ताई इथं सही करा" म्हणतो. मागच्या वर्षी मी विचारलं विषय काय आहे, तर म्हणे काही नाही, नेहमीचंच. या वर्षी सही केली नाही तर सगळे माझ्यावर नाराज झाले. सर खूप विद्वान आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. मी चूक केली का?

उत्तर : नाही गं, चूक नाही केली. अगदी बरोबर केलंस, आणि विचारलंस हे त्याहून बरोबर केलंस.

माझंच सांगते. वीस वर्षांपूर्वी मी एका संस्थेत सहचिटणीस होते, नाव नको. आमच्याकडंही असंच, रजिस्टर सायकलवर फिरायचं. मी स्वतः डोळे झाकून सह्या केल्यात, हे आज लिहिताना वाईट वाटतं. मग एक दिवस आमच्या व्याख्यानमालेची एफडी मोडायची वेळ आली, बँकेनं परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयात विश्वस्तांची नावं नोंदलेली असतात त्याचा, ताजा उतारा मागितला, आणि उताऱ्यावर नावं निघाली ती नऊ वर्षांपूर्वीची. त्यातले दोघं वारलेले, एकजण मुलाकडं पुण्याला राहायला गेलेले. मधल्या काळातले चेंज रिपोर्ट, म्हणजे माणसं बदलली हे धर्मादाय कार्यालयाला कळवायचे अर्ज, कुणी दाखलच केले नव्हते. मग प्रोसिडिंग बुक काढलं. मी ते पुस्तक कधी विसरणार नाही. तीन वर्षांच्या तीन सभा, एकच हस्ताक्षर, एकच निळी शाई, आणि तिन्ही ठिकाणी तेच वाक्य, "कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात आली, सर्व विषय सर्वानुमते मंजूर." तिसऱ्या वर्षीच्या उपस्थितीत त्या वारलेल्या काकांचं नाव होतं, पुढं सही कुणी केली होती कुणास ठाऊक. त्या वर्षी व्याख्यानमाला झाली नाही, पुढच्या वर्षीही नाही, आणि बंद पडलेली मालिका परत उभी राहत नाही, लोक त्या तारखांना दुसरीकडं जायला लागतात.

म्हणून ही सही साधी गोष्ट नाही. आता कायदा काय म्हणतो ते सांगते. वार्षिक सभा कधी, किती दिवसांची नोटीस, कोरम किती, हे तुमच्या नियमावलीत असतं, तर पहिली गोष्ट म्हणजे नियमावलीची प्रत माग, सभासद म्हणून माग, लेखी अर्ज देऊन आणि पोच घेऊन. संस्थेनं नाही दिली तर धर्मादाय कार्यालयातून नक्कल मिळते. सोसायटीच्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणं वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी, म्हणजे नावं, पत्ते, व्यवसाय, दाखल करायची असते. विश्वस्तांत काही बदल झाला तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चं कलम २२ लागतं, नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. आणि ३१ मार्चला हिशोब बंद करून ऑडिट करून घ्यायचं ते वेगळंच. चेंज रिपोर्टवर हरकत घेता येते, आणि कारभार फारच बिघडला तर विश्वस्ताला निलंबित करायचा, काढायचासुद्धा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे. पण लगेच तिथं जाऊ नकोस. एकदा कोर्टकचेरी सुरू झाली की अभ्यास बाजूला राहतो आणि तारखाच राहतात.

आधी सरांना भेट. घरी जा, सोबत आणखी दोन-तीन सभासद घे. म्हणावं सर, या वर्षी आपण सभा खरीच घेऊ, एक तास पुरे, सतरंजी अंथरू, अहवाल तुम्ही वाचा, जमाखर्च खजिनदार वाचतील, आम्ही प्रश्न विचारू. विद्वान माणसाला सभासदांचे प्रश्न कशाला नको असतील, बहुतेक वेळा त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. आणि पायउतार व्हायची गोष्टही मान ठेवून बोलता येते, मार्गदर्शक म्हणून राहा, व्याख्यानं तुम्हीच द्या, पण सहीचं पेन दुसऱ्याच्या हातात जाऊ द्या.

नाही ऐकलं तर मग लेखी मागणी, नियमावलीत विशेष सभा बोलवायला जेवढे सभासद लागतात तेवढ्यांच्या सह्यांनी. त्याच्या पुढची पायरी धर्मादाय कार्यालय.

आता सप्रू हाऊसची गोष्ट, ती मुद्दाम तुझ्यासाठी ठेवली होती. इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स, म्हणजेच सप्रू हाऊसमधली ही संस्था, १९४३ साली, इंग्रज अजून इथं असताना, सर तेजबहादूर सप्रू आणि हृदयनाथ कुंझरू या मंडळींनी सरकारच्या छायेबाहेर राहून काढली. साधी सोसायटी, तुमच्या मंडळासारखीच १८६० च्या कायद्याखाली. स्वातंत्र्याच्या आधी, १९४७ च्या मार्च-एप्रिलमधे, दिल्लीच्या जुन्या किल्ल्यात आशियाई देशांची मोठी परिषद भरली, तिचं यजमानपण या संस्थेनं केलं, गांधीजी तिथं बोलले. १९५५ साली सप्रू हाऊसच्याच छायेत आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाळा निघाली, जी पुढं जेएनयूत गेली. एवढी मोठी संस्था. आणि पुढं काय झालं, तर कारभाराबद्दल तक्रारी वाढत गेल्या, भांडणं कोर्टात गेली, आणि शेवटी सरकारनं २००० साली वटहुकूम आणि २००१ साली संसदेचा कायदा करून ती ताब्यात घेतली. आता ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे, उपराष्ट्रपती पदसिद्ध अध्यक्ष असतात, काम आजही चांगलं चालतं. पण सभासदांनी काढलेली, सभासदांनी चालवलेली संस्था म्हणून ती राहिली नाही. मला त्याचं दुःख वाटतं. सरकारपासून वेगळं बसून विचार करता यावा म्हणून जी जागा केली होती, ती आपलं घर आपल्याला नीट ठेवता आलं नाही म्हणून गेली.

तू सही केली नाहीस हे मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. कळव पुढं काय झालं ते.

प्रश्न : आमच्या लातूरच्या मंडळाला एक डाळ मिलवाले दर वर्षी पंचवीस हजार द्यायला तयार आहेत. त्यांचं म्हणणं तुरीच्या आयातीवर व्याख्यान ठेवा, वक्ता आम्ही सांगतो. ते आमच्या कार्यकारिणीतही आहेत. शिवाय एका सभासदाचा भाऊ अमेरिकेहून पैसे पाठवतो म्हणतोय. घ्यावे का?

उत्तर : विषय तर एकदम लातूरचा आहे, ठेवाच. तूर म्यानमारहून येते, मोझांबिक, टांझानिया, मलावीहून येते, मोझांबिकशी तर २०१६ साली सरकारनं करारच केला, आणि बोट बंदरात लागली की त्याचा भाव आपल्या मार्केट यार्डात बोलतो. परराष्ट्र धोरण म्हणजे काय हे शिकवायला याच्यापेक्षा चांगला धडा मिळायचा नाही. पण बघा, मिलवाल्याला वर्षभर कच्चा माल स्वस्त पाहिजे, आणि औशाच्या, निलंग्याच्या शेतकऱ्याला नेमकी काढणीच्या वेळेला ती आयात नको असते. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. म्हणून पैसे घ्या, पण वक्ता मंडळ ठरवणार हे पत्रात लिहून घ्या, आणि एक नाही दोन वक्ते ठेवा. हा विषय कार्यकारिणीत येईल तेव्हा त्या सभासदांनी आपलं हितसंबंधाचं सांगून बाहेर बसायचं, आणि ते बाहेर बसले होते असं इतिवृत्तात लिहायचं. त्यात अपमान काही नाही, उलट उद्या कुणी बोट दाखवलं तर तेच कागद त्यांना वाचवतील.

मोठ्या संस्थांनाही यातून सुटका नाही. स्टॉकहोमची सिप्री, जी जगभरच्या शस्त्रखरेदीचे आकडे काढते, तिला स्वीडन सरकारचं वार्षिक अनुदान असतं, आणि ते ती उघड सांगते. चॅटम हाऊस देणगीदारांची नावं रकमेच्या टप्प्यांप्रमाणं जाहीर करतं. तुम्ही वाचनालयाच्या फळ्यावर लावा, कुणी किती दिले ते.

भावाचं विचारा की पासपोर्ट कुठला. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागतो, नोंदणी किंवा परवानगी, आणि २०२० पासून ते पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. यात हयगय नको. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चसारख्या नावाजलेल्या संस्थेची ही नोंदणी २०२३ साली निलंबित झाली आणि २०२४ च्या जानेवारीत रद्द झाली. छोट्या मंडळानं त्या वाटेला न गेलेलंच बरं, लातुरात पंचवीस हजार जमवता येतात.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला एमए करतोय. अशा संस्थेचा डायरेक्टर व्हायला काय शिकावं लागतं?

उत्तर : ठरलेली अशी एक वाट नाही रे बाळा. सप्रू हाऊसचे महासंचालक बहुतेक परराष्ट्र सेवेतले असतात. संरक्षण संस्था ज्यांनी दोनदा सांभाळली आणि नावारूपाला आणली ते के. सुब्रह्मण्यम आयएएस अधिकारी होते. चॅटम हाऊसला २००७ ते २०२२ रॉबिन निब्लेट होते, त्यांच्यानंतर आलेल्या ब्रॉनवेन मॅडॉक्स आधी बरीच वर्षं पत्रकारितेत होत्या. तू आत्ता एक देश धर, एकच, त्याची भाषा शीक आणि पाच वर्षं सोडू नकोस. आणि सोबत तुझ्या गावच्या कुठल्याही मंडळाचा एक वर्ष खजिनदार हो. डायरेक्टरचा निम्मा वेळ पैशात आणि माणसांत जातो, ते विद्यापीठात शिकवत नाहीत.

प्रश्न : धाराशिवला आम्ही वार्षिक सभा आणि व्याख्यान दोन्ही १७ सप्टेंबरला ठेवायचं म्हणतोय, मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते. एकत्र चालतं का? विषयही सुचवा.

उत्तर : तारीख फार चांगली काढलीत, तोपर्यंत ऑडिटही हातात येतं. सभा आणि व्याख्यान एका दिवशी चालतं, एकात एक मात्र करू नका. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्यांच्या सह्या सभेच्या कोरममधे मोजल्या जातात, हे मी खूप ठिकाणी बघितलंय. रजिस्टर दोन ठेवा. सकाळचं झेंडावंदन झालं की साडेनऊला सभा, फक्त सभासद. अहवाल, जमाखर्च, ऑडिटर नेमणूक, निवडणूक. अकराला दार उघडा आणि सगळ्या गावाला बोलवा.

विषय त्याच तारखेत आहे. निजामानं आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांकडं नेली होती, २१ ऑगस्ट १९४८ ला. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा आत आल्या आणि १६ तारखेला पॅरिसला सुरक्षा परिषदेपुढं हैदराबादचा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या दिवशी इकडं निजामानं शस्त्रं खाली ठेवली, आणि २२ तारखेला तक्रारही मागं घ्यायला सांगितलं. म्हणजे धाराशिव, बीड, नांदेड, आपण सगळे त्या आठवड्यात पॅरिसच्या टेबलावर होतो, आणि आपल्या घरातले म्हातारे तेव्हा रझाकारांपासून लपून ज्वारीच्या शेतात झोपायलेत. गावात त्या वेळचं कुणी असेल, नव्वदीच्या घरातलं, तर आधी त्यांना दहा मिनिटं बोलू द्या, मग वक्त्याला. आणि नोटीस वेळेत काढा, नियमावलीत पंधरा दिवस असतील तर ती २ सप्टेंबरच्या आत प्रत्येक सभासदाच्या हातात पडली पाहिजे.